बरंबाईंचा शेरा

माझी मावशी चौतीस वर्षं एकाच शाळेत भाषा शिकवतेय, आणि चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर एकच शब्द लिहितेय अशी तिची ख्याती आहे. तो शब्द म्हणजे 'बरं'. त्यावरून मुलं तिला पाठीमागे बरंबाई म्हणतात. तिला हे माहीत आहे. एकदा कुणीतरी फळ्यावर तिचं चित्र काढून खाली 'बरंबाई' लिहिलं होतं. तिने चित्र लक्षपूर्वक पाहिलं, नाक जरा जास्तच मोठं झालंय म्हणाली, आणि फळा पुसून शिकवायला लागली.

मी त्याच शाळेत कारकून आहे. लोक मला तापट म्हणतात. मी तापट नाही. मला फक्त एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा आहे, आणि शाळेच्या कार्यालयात प्रत्येक गोष्ट चारदा सांगावी लागते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशीने लग्न केलं नाही आणि मावशीने मला वाढवलं. लोक ह्या दोन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' घालतात, ती घालू देत नाही. माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे, जे वायरमन आहेत, तिच्याच घरी राहायला आले. आता आम्ही खाली राहतो आणि मावशी वर, मध्ये तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. गेल्या वर्षी तिच्या छातीत काहीतरी झालं आणि अकरा दिवस ती दवाखान्यात होती, वर अंधार. परत आली, तीन दिवसांनी शाळेत गेली, आणि कुणी विचारलं की 'बरं आहे' म्हणायची. आता ह्या 'बरं'चा काय अर्थ घ्यायचा, सांगा.

कारण हा शब्द दिसतो तितका गरीब नाही. ताप उतरला की बरं वाटतं, आणि ताप उतरला नसला तरी विचारणाऱ्याला आपण बरं आहे म्हणूनच सांगतो. बरं झालं आलात, म्हणजे आनंद. बरं झालं गेलात, म्हणजे त्याहून आनंद. बरं, निघतो. बरं, मग? बरं बरं, कळलं. मुलगी दिसायला बरी आहे असं कुणी म्हणालं तर तिच्या आईने भांडायला उठायचं की नाही, हे बोलणाऱ्याचा चेहरा बघून ठरवावं लागतं. कागदाला चेहरा नसतो, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

दोन वर्षांपूर्वी शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं. देशातल्या सगळ्या शाळांमधले परीक्षेचे निबंध इथून पुढे यंत्र वाचणार, यंत्रच त्यावर शेरा देणार आणि शेऱ्यावरून श्रेणी ठरणार. परिपत्रकात त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं होतं. आमच्या शिपाईमामांनी ते एकदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे कृत्रिम बाई?" शाळेत तेच नाव रुळलं.

आता कृत्रिम बाईंना शेरे द्यायला शिकवायचं तर खऱ्या बाईंनी तपासलेले कागद हवेत. खात्याने सगळ्या शाळांकडे जुने निबंध मागितले. इतर शाळांनी दोन-दोन वर्षांचे गठ्ठे पाठवले. आमच्या शाळेतून टेम्पो भरून गेला. ह्यात माझा हात आहे. जुने कागद नष्ट करायला वरून लेखी आदेश लागतो. तो सव्वीस वर्षांत आला नव्हता, आणि आदेश नसताना मी कागदाचा कपटा टाकत नाही. माझ्या आधीच्या कारकुनानेही टाकला नव्हता. मुख्याध्यापकांनी टेम्पोशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, आणि मला वाटलं, चला, मागची खोली मोकळी झाली.

माझी मुलगी यंदा नववीत. तिला प्रश्न विचारायची खोड आहे, म्हणून मावशी तिला प्रश्नपत्रिका म्हणते. नववीच्या निबंधावरून पुढे भाषा शाखा, हिशेब शाखा की तंत्र शाखा ते ठरतं. भाषा शाखेला निदान 'चांगले' ही श्रेणी लागते. पोरीने दुसरं काही मागितलं नव्हतं. तिसरीपासून ती भाषा शाखा म्हणत आली आहे, तेव्हा तिला शाखा म्हणजे काय हेही कळत नव्हतं.

निकालाच्या दिवशी कार्यालयातल्या पडद्यावर मी तिचा क्रमांक घातला. निबंधाचा विषय, 'माझे घर'. शेरा, 'बरं.' श्रेणी, मध्यम.

मी पडदा बंद करून परत चालू केला. तेच होतं. मग दुसऱ्या मुलांचे क्रमांक घातले. आमच्याच शाळेत एकवीस जणांना 'बरं'. तोवर फोन वाजायला लागला होता. दुपारपर्यंत बातमी आली की देशभरात दर सात मुलांमागे एकाला 'बरं' मिळालंय, आणि जो तो शाळेला फोन करून एकच विचारतोय, बरं म्हणजे काय? मी पहिल्या दहा जणांना नीट उत्तर दिलं. अकराव्याला म्हणाले, मला काय विचारता, मी काय शब्दकोश आहे?

मावशी शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी बसली होती. सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

"अगं, पण हे माझं कसं असेल?" ती मला म्हणाली. "मी कुठे तपासलेत हे?"

मला त्या वेळी तिची कीव यायला हवी होती. मला रागच आला.

आठवड्याने खात्यातून एक साहेब आले. वयाने माझ्या धाकट्या दिराएवढे असतील. शर्ट नीट खोचलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि आल्याआल्या त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं. मावशीला त्यांनी वाकून नमस्कार केला. त्याने ती आणखीच घाबरली.

"बाई, यंत्राला बाकीचे शेरे कळतात," साहेब म्हणाले. "छान, सुंदर, चुका सुधारा, अक्षर नीट काढा. हे सगळ्याच शाळांच्या कागदांवर आहेत. 'बरं' मात्र एकाच अक्षरातलं आहे. तुमच्या."

"मग लिहू नको म्हणावं त्याला," मावशी म्हणाली.

"तसं नाही सांगता येत."

"यंत्र तुम्हीच बनवलंय ना?" मी विचारलं.

"बनवलंय. पण ते एखादी गोष्ट का करतं हे आत डोकावून बघता येत नाही, ताई. एवढंच दिसतं की जो निबंध इतर कुठल्याच निबंधासारखा नसतो, तिथे ते बहुतेक वेळा 'बरं' लिहितं."

"आणि बरं म्हणजे मध्यम हे कुणी ठरवलं?"

साहेबांनी पेल्यात पाणी उरलंय का ते बघितलं. "शब्दकोश बघून ठरवलं. घाई होती."

मग त्यांनी बॅगेतून कागदांची चळत काढली. टेम्पोतल्या कागदांपैकी ज्यांच्यावर 'बरं' होतं असे चारशे बारा निबंध, आणि सोबत एक तक्ता. प्रत्येक निबंधापुढे पाच रकाने: उत्तम, चांगले, मध्यम, सुधारणा हवी, असमाधानकारक. मावशीने प्रत्येक निबंध परत वाचायचा आणि तेव्हा तिला ह्यातलं काय म्हणायचं होतं त्या रकान्यात पेन्सिलीने खूण करायची. शेवटी बारीक अक्षरात 'अन्य' अशी एक अरुंद जागा होती.

"तुम्ही ज्या रकान्यात जास्त खुणा कराल," साहेब म्हणाले, "तीच श्रेणी सगळ्या देशातल्या 'बरं'ला लागेल. चार दिवसांत हवंय. ताई मदतीला बसतील."

म्हणजे दोनशेसात खुणा 'चांगले'त पडल्या की माझ्या मुलीला भाषा शाखा. मी हा हिशोब साहेबांनी पेला खाली ठेवायच्या आत केला होता. मी खुर्ची ओढली आणि मावशीच्या शेजारी बसले.

पहिल्या दिवशी आम्ही एकोणीस निबंध केले. मावशी एकेक निबंध दोनदा वाचायची, चष्मा बदलायची आणि तिसऱ्यांदा वाचायची. एक निबंध होता 'माझा आवडता प्राणी'. त्यात मुलाने माशीवर लिहिलं होतं, आणि माशी का आवडते ते शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. बरं. एक होता 'पाऊस पडला नाही तर'. त्यात पावसाचा शब्दच नव्हता, मुलीने एका बंद दुकानाचं वर्णन केलं होतं. बरं. दहापैकी सहा गुण. पुढच्यावर बरं, साडेआठ. त्याच्या पुढच्यावर बरं, चार. गुणांवरून काही ठरवावं म्हटलं तर ती सोयही नाही.

"हा चांगले आहे ना?" मी विचारायचे.

"चांगला असेल."

"मग कर खूण."

"पण तेव्हा मला तसं म्हणायचं होतं का?"

"मावशी, तुला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. वीस वर्षांपूर्वी काय म्हणायचं होतं ते कुठून आठवणार?"

"तेच तर," ती म्हणायची, आणि पेन्सिल खाली ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मी शब्दांपुढच्या चिन्हांचा अभ्यास सुरू केला. काही 'बरं'पुढे पूर्णविराम होता, काहींपुढे टिंबं होती, तीन ठिकाणी स्वल्पविराम देऊन पुढे काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हणाले, पूर्णविराम म्हणजे चांगले, टिंबं म्हणजे मध्यम. मावशीला ते पटलं. अर्धा तास आम्ही भराभर काम केलं. मग ती म्हणाली की पूर्णविराम की टिंबं हे बहुधा पेन कसं चालत होतं त्यावर असणार, आणि त्या अर्ध्या तासाच्या सगळ्या खुणा तिने खोडल्या. मी डोक्याला हात लावला. शिपाईमामा चहा घेऊन आले, तक्त्याकडे बघून म्हणाले, "बरं चाललंय ना?" आणि आमच्या दोघींची तोंडं बघून कप ठेवून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ती हात धुवायला गेली असताना मी चाळीस खुणा केल्या. सगळ्या 'चांगले'त. निबंध न वाचता. मी हे लपवत नाही. माझ्या जागी कुणीही केल्या असत्या असंही म्हणत नाही, मी केल्या.

आणि चाळीस झाल्यावर, एकेचाळिसावा उलटताना, माझं अक्षर दिसलं.

चोवीस वर्षांपूर्वीचं. 'माझा आवडता रस्ता'. डावीकडे वाकणारे 'र', खाडाखोड, कोपऱ्यात शाईचा डाग. मी लिहिलं होतं की माझा एक आवडता रस्ता आहे, त्यावर काय काय आहे ते मला पाठ आहे, आणि त्या रस्त्यावर मी जात नाही. बस, एवढंच, पण दोन पानं भरून. आई होती तेव्हा आम्ही ज्या रस्त्यावर राहायचो तोच हा रस्ता. हे मात्र मी कुठेही लिहिलं नव्हतं. खाली लाल शाईत मावशीचं 'बरं.' होतं.

मला तो शेरा चांगला आठवत होता. त्यानंतर मी लिहिणं सोडलं वगैरे काही म्हणणार नाही, ते फार मोठं झालं. मी फक्त पुढच्या वर्षी वाणिज्य घेतलं. आपलं लिहिणं बरं आहे, म्हणजे यथातथाच आहे, असं धरून चालले, आणि वाढवणाऱ्या बाईला त्याबद्दल विचारायची मला लाज वाटली. मी तो कागद चळतीच्या तळाशी सरकवला.

चौथ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर कन्या आली. दप्तर आमच्या टेबलावर आपटलं आणि विचारलं, "मावशीआजी, बरं म्हणजे काय?"

चार दिवस आम्ही दोघी त्याच शब्दावर डोकं फोडत होतो, पण इतकं सरळ मीसुद्धा विचारलं नव्हतं. मी रकान्यांबद्दल विचारत होते.

"तुझा निबंध वाच बघू," मावशी म्हणाली. "मग सांगते."

पोरीने दप्तरातून प्रत काढली आणि उभ्याने वाचायला लागली. आमच्या घरात जिना आहे. पहिल्या पायरीवर चपला असतात. दुसऱ्या पायरीवर बाबांची हत्यारांची पेटी असते, ती तिथे ठेवू नका असं आई रोज म्हणते. तिसरी पायरी वाजते. चौथीवर बसून मी अभ्यास करते. अशी ती चढत सातवीवर आली. सातव्या पायरीवरून वरच्या दाराखालची फट दिसते. फटीत उजेड असला की मी वर जाते. उजेड नसला की सातव्या पायरीवर थांबते. पायऱ्या तेरा आहेत. निबंध संपला.

मी तो आधी वाचला होता. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाटलं होतं की ही कंटाळा येऊन मध्येच थांबली.

मावशीने चष्मा काढला. पोरीकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

बाहेर शिपाईमामा घंटेच्या दोरीची गाठ सोडवत होते. मी तक्त्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, चांगले म्हण, चांगले म्हण, एकदा तोंडातून काढ.

"म्हणजे मला कळलं नाही गं," मावशी म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो. तीही बहुधा स्वतःकडेच बघत होती, कारण पुढचं ती फार हळू बोलली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिने एका वहीवर प्रश्नचिन्ह काढलं होतं. तेव्हाचे मुख्याध्यापक तिला म्हणाले की बाईंनी वहीवर प्रश्नचिन्ह काढायचं नाही, मुलांना वाटेल बाईंनाच येत नाही. चांगलं असेल तर छान लिहा, वाईट असेल तर चुका सुधारा लिहा. "आणि मला कळलंच नाही तर काय लिहू, हे त्यांना विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "मग मी बरं लिहायला लागले."

मी उठून मागच्या खोलीत गेले आणि पोच म्हणून ठेवलेल्या यादीच्या प्रती काढल्या. यादीत प्रत्येक कागदावरचा शेराही होता. टेम्पोतून गेलेले, मावशीने तपासलेले निबंध सहा हजारांच्या वर होते. त्यांतल्या बहुतेकांवर छान, सुंदर, चुका सुधारा असंच होतं, इतर बाईंसारखं. 'बरं' फक्त चारशे बारावर. चौतीस वर्षांची ख्यातीच खोटी होती. आणि साहेबांचं यंत्र, ज्याला आम्ही आठवडाभर शिव्या घालत होतो, ते तिचा शब्द अगदी ती वापरायची तिथेच वापरत होतं. जिथे त्याला कळत नव्हतं तिथे.

मग मी चळतीच्या तळाचा कागद ओढला आणि तिच्यापुढे टाकला.

"हे पण?"

तिने तो वाचला. चष्मा न बदलता, एकदाच. "हे पण," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू मला काहीतरी सांगते आहेस. दोन-तीन दिवस तुला विचारायचं विचारायचं करत होते. मग राहून गेलं. कुठला रस्ता गं हा?"

"आठवत नाही," मी म्हणाले. मला आठवत होतं. मी इतकी चिडले होते की तिला तेवढंही द्यायची माझी इच्छा नव्हती. चोवीस वर्षं मी स्वतःला मध्यम समजत होते, आणि हिला फक्त कळलं नव्हतं.

मावशीने तक्ता पुढे ओढला. पाच रकान्यांवरून बोट फिरवलं आणि ते शेवटच्या अरुंद जागेवर ठेवलं. अन्य.

"मावशी, नको," मी म्हणाले. "हिची शाखा आहे त्यात. चांगले म्हण. खोटं कुठे आहे? तुला काय माहीत, असतील चांगले."

"तू सांग," मावशी कन्येला म्हणाली.

मला वाटलं होतं पोरगी आता काहीतरी थोर बोलेल. ती म्हणाली, "चांगले लिही ना. मला भाषा शाखा हवीय."

"हो," मावशी म्हणाली. "पण मला कळलं नाही त्याला मी चांगलं कसं म्हणू? आणि वाईट तरी कसं म्हणू?" तिला पोरीला नाही म्हणायची सवय नाही. तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्या निबंधापुढे, त्या बोटभर जागेत लिहिलं, 'कळले नाही'. मग दुसऱ्यापुढे. माझ्या चाळीस खुणांपाशी आली तेव्हा थांबली.

"ह्या माझ्या नाहीत," ती म्हणाली. "मी बरोबरची खूण खालून वर काढत नाही."

तिने खोडरबर माझ्याकडे सरकवला आणि मी माझ्या खुणा खोडल्या. संध्याकाळी साडेसहापर्यंत ती लिहीत होती. चारशे बारा वेळा. कन्या आधीच रडत घरी गेली होती.

साहेबांना मी फोन करून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "ताई, असा रकानाच नाहीये." मी म्हणाले, मला माहीत आहे, तुम्हीच बनवलाय तक्ता. ते म्हणाले, वर विचारावं लागेल. आणि मग, जरा घाईघाईने, "पण मग यंत्र बरोबर शिकलं म्हणायचं का?" त्यांना आनंद झाला होता की भीती वाटत होती, मला कळलं नाही.

महिनाभराने परिपत्रक आलं. ज्या निबंधांवर 'बरं' असा शेरा आहे ते यंत्रास न समजलेले समजावेत. असा प्रत्येक निबंध एका शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला समोर बसवून वाचावा, काय विचारायचं ते विचारावं आणि श्रेणी द्यावी. मी ते तीनदा वाचलं. आधी माणसं वाचायची, ते थांबवून यंत्र आणलं, आणि आता यंत्राला कळत नाही म्हणून परत माणसं. मधल्या दोन वर्षांत नेमकं काय झालं असं मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, प्रगती. ते चेष्टा करत होते की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरूनही कळत नव्हतं.

कन्येला दुसऱ्या एका शाळेत बोलावलं होतं. तो महिना तिने मावशीशी अबोला धरला होता. अभ्यास चौथ्या पायरीवर नाही, स्वयंपाकघरात. पण त्या दिवशी मावशी साडी बदलून खाली येऊन उभी राहिली, आणि पोरगी काही बोलली नाही, म्हणून आम्ही तिघी गेलो. वर्गाबाहेर एक अरुंद बाक होता. आत एक निवृत्त गुरुजी, टेबलावर एकच कागद, समोर एक रिकामी खुर्ची. दार लागलं.

"चांगले मिळेल ना?" मावशी म्हणाली.

"मला काय माहीत?"

"त्यांना कळलं तर मिळेल."

मला तिच्यावर राग होता आणि तिचा हात धरावासाही वाटत होता. मी पिशवीतली बाटली काढून तिला पाणी दिलं. पाऊण तास आम्ही बसलो. आतून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दार उघडलं तेव्हा कन्येचे डोळे लाल होते. ती आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली.

"मध्यम," ती म्हणाली.

"म्हणजे त्यांनाही कळलं नाही," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती, हे तिला नाकारता येणार नाही.

"सगळं कळलं त्यांना." पोरीने नाक पुसलं. "म्हणाले, सातवीवर का थांबतेस? मी म्हणाले, उजेड नसतो म्हणून. मग म्हणाले, वर कोण राहतं? मी सांगितलं. मग म्हणाले, उजेड नसला की तुला काय वाटतं? मग मी रडले."

"मग?" मी विचारलं.

"मग म्हणाले, हे तू लिहिलं नाहीस. सात पायऱ्या छान चढलीस आणि लिहायची वेळ आली तिथे थांबलीस. भीती वाटते हे लिहिलं असतंस तर मी चांगले दिलं असतं, आता मला देता येत नाही, मी फक्त कागदावर आहे त्यालाच श्रेणी देऊ शकतो." ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. "आणि ते बरोबर होतं. मी मुद्दाम नव्हतं लिहिलं. लिहिलं तर खरं होईल असं वाटलं मला."

भाषा शाखा गेली होती. मला ते कळत होतं, आणि मी त्यावर काहीतरी बोलणारही होते. पण मावशी पोरीकडे वळून बघत होती. मुलं अवघड ओळ वाचताना जसं करतात तशी तिच्या कपाळावर आठी पडली होती आणि ओठ हलत होते.

"कसली भीती?" ती म्हणाली. "वर कोण आहे घाबरण्यासारखं? अगं, वर तर मी राहते."

"हो ना," कन्या म्हणाली, आणि परत रडायला लागली.